पुण्यातलं ओकायामा गार्डन बघितलंय ना? मग आता मूळ गावची नदी बघायला जा

सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला निम्मं पुणं पुलं गार्डन म्हणतं आणि उरलेलं निम्मं ओकायामा गार्डन, ते ज्या बागेवरून केलंय ती बाग जपानात ओकायामा शहरात आहे आणि तिचं नाव कोराकुएन. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण ती बाग एका नदीच्या कुशीत आहे आणि नदी नसती तर बागही नसती, हे मला स्वतःला तिथे तिसऱ्यांदा गेल्यावर कळलं. पहिल्या दोन वेळी मी सगळ्यांसारखंच केलं, स्टेशनवरून तडक बाग, बागेतून किल्ला, फोटो, परत शिन्कान्सेन (बुलेट ट्रेन). ओसाकात राहतो त्यामुळे पुण्याहून येणारे पाहुणे असतातच, त्यांना घेऊन आता चार-पाच फेऱ्या झाल्यात आणि आता मी सगळ्यांना आधी नदीकाठानेच नेतो. तर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं नीट लिहून ठेवतोय, म्हणजे दर वेळी व्हॉट्सॲपवर तेच तेच टाइप करायला नको.

आधी नावाचा घोळ

नदीचं नाव असाही. हो, असाही. मराठी माणसाला हसू येतं, माझ्या मावशीने तर दिवसभर "असाही आणि तसाही" करून डोकं खाल्लं. अर्थ आहे उगवता सूर्य. पण मुद्दा वेगळाच आहे, जपानीत 旭川 अशी जी दोन अक्षरं लिहितात तेच नाव उत्तरेला होक्काइदोमधल्या एका मोठ्या शहराचंही आहे. मॅपमध्ये नुसतं असाहीकावा टाकलंत तर तो तुम्हाला थेट बर्फाच्या प्रदेशात नेऊन ठेवतो, आणि तिकिटाच्या साइटवर घाईत निवडलंत तर मग बघायलाच नको. म्हणून मॅपमध्ये नदी शोधूच नका, "ओकायामा कोराकुएन" टाका. तेही नुसतं कोराकुएन नको, कारण टोकियोतही एक कोराकुएन स्टेशन आहे.

कधी जायचं

ओकायामाचं घोषवाक्यच "उन्हाचा प्रदेश" अशा अर्थाचं आहे, जपानच्या मानाने तिथे पावसाचे दिवस कमी. तरी जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा असतो आणि ऑगस्टमध्ये घामाने जीव जातो. सगळ्यात भारी म्हणजे मार्चचा शेवटचा आठवडा आणि एप्रिलचा पहिला, बागेच्या बाहेर नदीकाठाने चेरीच्या झाडांची लांबच लांब रांग आहे, तिथे खाण्याचे स्टॉल लागतात, लोक निळी ताडपत्री अंथरून डबे उघडून बसतात, आपल्याकडच्या कोजागिरीच्या गच्चीसारखंच, फक्त दिवसाउजेडी. नोव्हेंबरमध्ये पानं लाल होतात तेव्हाही मस्त. ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये ठरावीक दिवस बाग रात्री दिवे लावून उघडी ठेवतात, तारखा बघून जमवता आलं तर जरूर जमवा. फेब्रुवारीत हिरवळ मुद्दाम जाळतात, त्यानंतर गेलात तर ती काळी दिसते, तेव्हा "हे काय बघायला आणलं" असं म्हणू नका.

पोचायचं कसं

शिन-ओसाकाहून शिन्कान्सेनने पाऊण तास, क्योतोहून साधारण तास, हिरोशिमाहून चाळीसेक मिनिटं. शिन-ओसाकाहून एका बाजूचं तिकीट सहा हजार येनच्या आसपास पडतं. देशभर चालणारा जेआर पास असेल तर नोझोमी आणि मिझुहो गाड्या टाळा, त्यांना वेगळे पैसे पडतात, साकुरा किंवा हिकारी पकडा, फरक फार नाही. पैसे वाचवायचे असतील तर ओसाकाहून साध्या गाड्यांनी मध्ये एक-दोनदा बदलून तीन तासांत जाता येतं, तीन हजारांच्या आसपास, मी एकदा केलंय, एकट्याने ठीक आहे, आईबाबांना घेऊन नको.

मोठ्या बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. पूर्वेच्या बाजूने बाहेर पडलात की मोमोतारोचा पुतळा आहे, सोबत कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी. ही गोष्ट माहीत असू द्या, म्हातारी नदीवर धुणं धुवायला जाते, वरून भलंमोठं पीच वाहत येतं, घरी नेऊन कापतात तर आत मुलगा. तो मोठा होऊन राक्षस मारायला निघतो आणि वाटेत दांगो (पिठाचे गोळे) देऊन हे तीन प्राणी मित्र करतो. ओकायामावाले म्हणतात ही गोष्ट आमचीच. म्हणून रस्त्याचं नाव मोमोतारो, भाड्याच्या सायकलींचं नाव मोमोचारी, गटारांच्या झाकणांवरही मोमोतारो. लहान मुलं बरोबर असतील तर झाकणं शोधायचा खेळ लावा, चालण्याची कुरकुर बंद होते.

ट्राम, आणि माझी चूक

स्टेशनवरून शिरोशिता नावाच्या स्टॉपपर्यंत ट्राम आहे, तिसराच स्टॉप, दोनशे येनच्या आत, पैसे उतरताना द्यायचे, ओसाकाकडचं इकोका हे प्रवासाचं कार्ड चालतं. फक्त एवढं बघा की गाडीवर हिगाशियामा लिहिलेलं असावं. दोन मार्ग आहेत आणि दोन्ही स्टेशनवरूनच सुटतात, दुसरी सेइकिबाशीला जाणारी ट्राम मध्येच उजवीकडे वळते. मी पाहुण्यांना मोठ्या रुबाबात "चला चला, आली" म्हणून तीत बसवलं आणि वळण घेतल्यावर काका म्हणाले, "अरे, नदी डावीकडे ना?" काका पहिल्यांदाच जपानात आले होते.

चालत गेलात तरी पंचवीस मिनिटं लागतात आणि खरं सांगू, हवा चांगली असेल तर चालाच. स्टेशनपासून पाच मिनिटांवर निशिगावा नावाचा छोटा कालवा आडवा येतो, दोन्ही काठांना झाडं, बसायला बाकं. त्यातलं पाणी असाही नदीचंच आहे, शेतीसाठी वळवलेलं, आज शहराच्या मधोमध वाहतंय. म्हणजे नदी भेटायच्या आधीच तिची धाकटी बहीण भेटते.

आता ऐका, बागेत लगेच शिरू नका

शिरोशिताहून सरळ नदीकडे चालत या आणि काठावर थांबा. पाणी संथ, पात्र रुंद, समोर झाडी, ती झाडी म्हणजे बाग. उजवीकडे लांब नदीच्या वळणावर काळाकुट्ट किल्ला दिसतो. हे वळण नीट बघा, कारण ते निसर्गाचं नाही, माणसाने घातलेलं आहे.

इथे उकिता हिदेइए नावाचा सरदार होता, त्याने हा किल्ला १५९७ मध्ये पुरा केला. किल्ल्याला खंदक हवा, तर याने नदीच वळवली आणि किल्ल्याच्या उत्तरेकडून पूर्वेकडे फिरवून घेतली. शत्रूपासून संरक्षण झालं, पण नदीला काटकोनात वळवलं तर ती पावसाळ्यात काय करणार हे मुठेकाठच्या माणसाला सांगायला नको. शहरात वारंवार पाणी शिरायला लागलं. तोवर हिदेइए लढाई हरून एका दूरच्या बेटावर हद्दपार झाला होता आणि निस्तरायचं काम पुढे इथे आलेल्या इकेदा या सरदार घराण्याच्या गळ्यात पडलं. १६५४ मध्ये तर इतका मोठा पूर आला की कुमाझावा बान्झान नावाच्या विद्वानाने सुचवलं, पुराचं जास्तीचं पाणी शहराच्या आधीच बाजूला काढून दुसऱ्या वाटेने समुद्राकडे सोडा. ते प्रत्यक्षात आणलं इकेदांच्या पदरच्या त्सुदा नागातादाने, १६८६-८७ च्या सुमारास. ही वाट म्हणजे ह्याक्केन नदी, ह्याक्केन म्हणजे शंभर केन, एक केन सहा फुटांच्या आसपास, रुंदीवरून पडलेलं नाव.

आणि गंमत अशी की याच नागातादाला मालकाने, म्हणजे इकेदा त्सुनामासाने, १६८७ मध्ये सांगितलं की आता किल्ल्याच्या मागे नदीपलीकडे बाग कर. ती बाग १७०० मध्ये पुरी झाली. पूर आवरणारा माणूस आणि बाग करणारा माणूस एकच! मला हे कळल्यापासून बागेतले ओहोळ वेगळेच दिसायला लागलेत, हे काही नुसतं शोभेचं पाणी नाही, ज्याला पाण्याचा उतार कळत होता त्याचं काम आहे.

एवढं मनात ठेवा आणि मग त्सुरुमी नावाच्या पुलावरून पलीकडे जा, समोर बागेचं मुख्य दार. शिरोशिताहून हे सगळं दहा मिनिटांचं अंतर आहे, रमतगमत वीस.

बागेत

मार्चच्या वीस तारखेपासून सप्टेंबर अखेरपर्यंत सकाळी साडेसातला उघडते आणि संध्याकाळी सहाला बंद, बाकीच्या महिन्यांत आठ ते पाच. सुट्टीचा वार नाही. तिकीट चार-पाचशे येनचं आहे, किल्ला पण बघणार असाल तर दोन्हीचं एकत्र मिळतं, ते स्वस्त पडतं. टूरच्या बस दहानंतर येतात म्हणून शक्यतो आठलाच पोचा.

पुण्याची बाग बघितलेल्यांना पहिला धक्का आकाराचा बसतो. आपली दहाएक एकर, ही १३ हेक्टरच्या वर, म्हणजे तिपटीहून मोठी. दुसरा धक्का हिरवळीचा. जपानी बागेत सहसा झाडी, दगड, शेवाळ, वळणावळणाने चालत जायचं असतं, इथे मात्र मध्यभागी मोकळंच्या मोकळं मैदान आणि त्यावर आकाश. पुण्यात जो छोटा डोंगर केलाय तो इथल्या युइशिन टेकडीची आठवण देतो, सहा मीटरच उंच, पण वर चढलं की सगळी बाग, तळं आणि पलीकडे किल्ला एका नजरेत येतो. आणि बागेच्या आत भातखाचर आहे, चहाचे मळे आहेत, मे महिन्यात चहाची पानं खुडायचा सोहळा असतो आणि जूनमध्ये भातलावणीचा. माझे बाबा कोकणातले, त्यांना किल्लाबिल्ला काही नाही, ते खाचराच्या बांधावर दहा मिनिटं उभे राहून "रोपं दाट लावलीत" म्हणाले.

पण तुम्ही शोधायचं ते र्यूतेन. लाकडी, चारी बाजूंनी उघडं, दुमजली घर आहे आणि खालच्या मजल्याच्या बरोब्बर मधून पाण्याचा पाट जातो. पाटात सहा रंगीत दगड ठेवलेत. बूट काढून लाकडी फळीवर बसायचं आणि पाणी दगडांना वळसा घालून जाताना बघत राहायचं, बस. आवाज फार होत नाही, मंद खळखळ, आपल्या वाड्यातल्या हौदात पाणी पडायचं तसा. आईने हळूच पाय पाण्यात सोडायचा विचार केला होता, मी म्हटलं इथे नको गं, ३०० वर्षं जुनं आहे. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात बागेतल्या बऱ्याच इमारती जळाल्या पण हे वाचलं.

हे पाणी कुठून येतं? बागभर फिरणारा पाट ६४० मीटर लांबीचा आहे. सरदारांच्या काळात नदीच्या वरच्या अंगाला साधारण चार किलोमीटरवरून पाणी आणलेलं होतं, आता नदीच्या तळाखालून झिरपणारं पाणी उपसून आत घेतात. म्हणजे तुम्ही र्यूतेनमध्ये बसून जे बघताय ती असाही नदीच. पुण्याच्या बागेतही शेजारच्या कालव्याचं पाणी खेळवलंय, ती नक्कल दिसण्यापुरती नाही हे तेव्हा लक्षात येतं.

अजून एक, एका बाजूला पिंजऱ्यात लाल टोपीचे क्रौंच आहेत. इथले जुने क्रौंच युद्धाच्या काळात संपले होते, मग १९५६ मध्ये चीनचे लेखक कुओ मोरुओ यांनी दोन पाठवले, ते विद्यार्थी असताना ओकायामात शिकले होते. नवीन वर्षाच्या दिवशी क्रौंचांना बागेत मोकळं फिरवतात, बघायला तुफान गर्दी होते.

दोन तास बागेला द्या. मुख्य दाराने आत, दक्षिणेच्या दाराने बाहेर, उलट येऊ नका, नाहीतर पुढची वाट चुकते.

पूल, होड्या, किल्ला

दक्षिण दारातून बाहेर आलं की त्सुकिमी पूल, फक्त चालणाऱ्यांसाठी. नावाचा अर्थ चंद्र बघायचा पूल. किल्ल्याचा फोटो इथून काढा, पुलाच्या बागेकडच्या टोकावरून, पाण्यातल्या प्रतिबिंबासकट येतो. दुपारनंतर उजेड चांगला असतो.

पूल उतरलात की किल्ल्याखालच्या काठावर पायडल मारायच्या होड्या मिळतात. हंसाच्या तर सगळीकडेच असतात, इथे पीचच्या आकाराच्या पण आहेत, गुलाबी, आत दोघं बसतात आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं मोमोतारो दोन झाले. लाज वाटते पण बसाच. नदी इथे वळणाच्या पोटात असल्यामुळे संथ आहे, तरी वारा असेल तर परत येताना पाय भरून येतात, म्हणून पहिल्या दहा मिनिटांतच वाऱ्याची दिशा बघून ठेवा आणि जाताना वाऱ्याविरुद्ध जा. पाऊस जास्त झाला की होड्या बंद.

किल्ल्याबद्दल फार लिहीत नाही. बाहेरून लाकडी काळ्या फळ्या, म्हणून त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात, बाहेरून खरंच देखणा. पण मूळ किल्ला २९ जून १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाला, त्या रात्री शहरात १,७०० हून जास्त माणसं गेली. आत्ताचा १९६६ मध्ये काँक्रीटमध्ये बांधलेला आहे, आत लिफ्टसुद्धा आहे, २०२२ मध्ये नूतनीकरण झालं. गुडघेदुखीवाल्यांची सोय चांगली, पण जुन्याचा फील शोधणाऱ्यांनी त्सुकिमी नावाचा कोपऱ्यातला बुरूज बघावा, तो खरा जुना आहे, वाचलेला. वर चढून नदीचं वळण मात्र बघा, सकाळी जे काठावरून पाहिलंत ते वरून बघताना हिदेइएने काय करून ठेवलं ते एकदम कळतं.

क्योबाशीपर्यंत चाला

बहुतेक लोक इथून परत फिरतात. तुम्ही नदीच्या प्रवाहाबरोबर काठाकाठाने दक्षिणेला चाला, पंधरा मिनिटांत क्योबाशी येतो. जुना लोखंडी पूल, १९१७ चा, त्यावरून ट्राम जाते. नदीत इथे दोन छोटी बेटं आहेत, त्यामुळे ट्राम एकामागून एक तीन पूल ओलांडते. पूर्वी हे होड्यांचं बंदर होतं, वरच्या डोंगरातला माल इथे उतरायचा. आता पुलाखाली उभं राहिलं की वरून ट्राम गेली की पाण्यावर खडखडाट घुमतो, मला तो आवाज आवडतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी भल्या पहाटे इथे बाजार भरतो, भाजी, फळं, गरम खायचं, त्यासाठी आदल्या रात्री मुक्काम करावा लागेल.

ज्यांच्याकडे अर्धा दिवस जास्त आहे

मोमोचारीची सायकल घ्या आणि बागेच्या उत्तरेला नदीच्या पूर्व काठाने जा, पंधरा-वीस मिनिटं. तिथे ह्याक्केन नदी फुटते. दगडी बांध आहे, इची नो आराते म्हणतात, मुख्य नदीचं पाणी एका पातळीच्या वर गेलं की त्यावरून आपोआप पलीकडे सांडतं. दार नाही, बटण नाही, माणूस लागत नाही. एरवी ह्याक्केनचं पात्र म्हणजे बरंचसं गवत आणि खेळायची मैदानं, शाळकरी पोरं बेसबॉल खेळत असतात आणि तुम्हाला वाटेल ही कसली नदी. जुलै २०१८ मध्ये पश्चिम जपानात भयंकर पाऊस झाला तेव्हा असाहीचं बरंच पाणी याच वाटेने गेलं. सायकलचे पैसे वेळेच्या हिशोबाने लागतात आणि ती ठरलेल्या स्टँडवरच परत लावायची असते, हे विसरू नका.

खाणं

मांसाहारी असाल तर बाराझुशी खा, भातावर मासे आणि भाज्या पसरलेल्या. शाकाहारी लोकांनी मात्र डबा न्यावा हेच बरं, भाजीच्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो. कोनबिनीमधून (कोपऱ्यावरचं छोटं दुकान) उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेली भाताची मूद, केळी आणि दही घ्या आणि नदीकाठच्या बाकावर बसा. आम्ही थेपले नेतो. जुलैअखेर ते ऑगस्ट पांढरी पीच येतात, एकेकाची किंमत ऐकून आपल्या देवगड हापूसवाल्याला दुवा द्याल, पण एक तरी घ्याच, चौघांत वाटून खा.

काठावर कचऱ्याचे डबे नाहीत, पिशवी जवळ ठेवा. आदल्या दिवशी मोठा पाऊस झाला असेल तर खालच्या पायऱ्यांवर उतरू नका, वर ऊन पडलेलं असलं तरी डोंगरातलं पाणी मागून येतं.

परत जाताना क्योबाशीच्या पश्चिम टोकाजवळ साइदाइजीचो स्टॉप आहे, तिथून स्टेशनकडची ट्राम पकडा, इथे चूक व्हायला वाव नाही, सगळ्या स्टेशनलाच जातात. किबी दांगो स्टेशनवरच घ्या, तांदळाच्या पिठाचे मऊ गोळे, शाकाहारी, पण फार दिवस टिकत नाहीत. पुण्याला न्यायचे असतील तर परतीच्या विमानाच्या आदल्याच दिवशी ओकायामा ठेवा.